राजचिन्ह वाचायचं कसं : ढाल, मुद्रा आणि ब्रीदवाक्यामागचा सत्तेचा दावा

राजवाड्याच्या कमानीवर, जुन्या स्टॅम्पपेपरवर, नाण्यावर, तोफेच्या पाठीवर, विद्यापीठाच्या पदवीपत्रावर राजचिन्हं आपल्याला सतत भेटतात. बहुतेक जण त्याकडे नक्षी म्हणून बघतात. फार तर ‘सिंह आहे, म्हणजे शौर्य’ एवढं म्हणून पुढे जातात. पण राजचिन्ह हा खरं तर दस्तऐवज आहे. मी कोण, माझा हक्क कुठून आला आणि तो कोणी मान्य करायचा, हे त्यात लिहिलेलं असतं. लिपी अक्षरांची नसते, रंगांची आणि जागांची असते, एवढंच. ती शिकायला फार दिवस लागत नाहीत, मात्र पायऱ्या क्रमाने चढाव्या लागतात. घाईने थेट ‘अर्थ काय’ या प्रश्नावर उडी मारली की वाचन फसतं.

पहिली पायरी : ढाल की मुद्रा?

चिन्ह समोर आलं की आधी त्याची जात ओळखा. जगात दोन मोठ्या परंपरा आहेत आणि त्या वेगवेगळ्या गरजांतून आल्या.

पश्चिम युरोपात बाराव्या शतकात ढालीवरची कुलचिन्हं रुजली. चेहरा झाकणारी शिरस्त्राणं आणि स्पर्धेची मैदानं यांमुळे माणूस दुरून ओळखू यावा ही गरज होतीच, पण चिन्ह वंशपरंपरागत झालं तेव्हा खरा फरक पडला. ११५१ साली वारलेल्या आंजू प्रांताच्या जॉफ्री प्लांटाजेनेटचं मीनाकाम केलेलं थडगेचित्र फ्रान्समधल्या ल मांस शहरात आहे. त्यात त्याच्या हातात निळी ढाल आणि तिच्यावर सोनेरी सिंह आहेत. १२२६ साली वारलेला त्याचा नातू विल्यम लाँगेस्पे इंग्लंडमध्ये सॉल्सबरीच्या कॅथीड्रलमध्ये पुरलेला आहे आणि त्याच्या थडग्यावरच्या ढालीवरही सिंहच आहेत. आजोबांची ढाल नातवाकडे आली, म्हणजे चित्राची मालमत्ता झाली. इथून पुढे ढालीवर वाद होऊ लागले, खटले उभे राहू लागले.

आपल्याकडची परंपरा मुद्रेची आणि लांछनाची, म्हणजे घराण्याच्या खुणेची. दानाचा ताम्रपट दिला की त्याची कडी राजमुद्रेने बंद करायची. बदामीच्या चालुक्यांचा वराह, राष्ट्रकूटांचा आणि देवगिरीच्या यादवांचा गरुड, पल्लवांचा नंदी, चोळांचा वाघ, पांड्यांचे मासे, चेरांचं धनुष्य ही सगळी लांछनं. इथे चिन्ह रणांगणावर माणूस ओळखण्यापेक्षा आज्ञा खरी आहे हे सांगायला जास्त वापरलं जात होतं.

या फरकाचा वाचताना थेट उपयोग होतो. युरोपी ढालीत शब्दांतलं वर्णन पक्कं असतं आणि चित्र मोकळं असतं. सिंहाची आयाळ कुरळी काढली की सरळ, याला काही अर्थ नसतो, तो चित्रकाराचा हात. मुद्रेत मात्र साचा महत्त्वाचा. अक्षराचं वळण, कडेची रेघ, आकार यांवरूनच खरं-खोटं ठरतं. म्हणून ढालीच्या रेखाटनात अर्थ शोधू नका आणि मुद्रेच्या रेखाटनाकडे दुर्लक्ष करू नका.

दुसरी पायरी : उजवं कोणतं?

युरोपी ढालीचं उजवं-डावं ती हातात धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात. तुमच्या डाव्या हाताला दिसते ती ढालीची उजवी बाजू आणि मान तिचा. वरचा भाग खालच्यापेक्षा मानाचा, उजवा भाग डाव्यापेक्षा. त्यामुळे ढालीची चार घरं केली असतील तर बघणाऱ्याच्या डावीकडचं वरचं घर पहिलं. त्याच्या शेजारचं दुसरं, खालचं डावीकडचं तिसरं आणि उरलेलं चौथं. हा क्रम पाठ करून टाका, पुढे सगळं त्याच्यावर उभं आहे.

तिसरी पायरी : रंग, आणि रंग नसतील तेव्हा रेघा

ढालीचे रंग मोजके. सोनेरी आणि रुपेरी हे दोन ‘धातू’, लाल, निळा, काळा, हिरवा आणि जांभळा हे नेहमीचे ‘रंग’. चित्रात सोनेरीच्या जागी पिवळा आणि रुपेरीच्या जागी पांढरा चालतो. मुख्य नियम असा की धातूवर धातू नको आणि रंगावर रंग नको. लाल ढालीवर सोनेरी सिंह चालेल, निळा नाही. कारण सरळ आहे, दुरून उठून दिसलं पाहिजे. नियम मोडलेला दिसला तर थांबा. जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याच्या चिन्हात रुपेरीवर सोनेरी क्रूस आहेत आणि जगातल्या सगळ्यात पवित्र नगरीचं राज्य म्हणून तो अपवाद मिरवला गेला.

दगडावर, नाण्यावर किंवा काळ्या छपाईत रंग नसतात. तिथे रेघांकडे बघा. सतराव्या शतकात छापील पुस्तकांसाठी एक पद्धत रूढ झाली. सिल्वेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने ती १६३८च्या आपल्या ग्रंथात वापरली आणि तिला त्याचंच नाव चिकटलं. ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा म्हणजे रुपेरी. उभ्या रेघा लाल, आडव्या निळ्या, उभ्या-आडव्यांची जाळी काळी. बघणाऱ्याच्या डावीकडून वरून खाली उजवीकडे जाणाऱ्या तिरप्या रेघा हिरव्या आणि उलट दिशेच्या जांभळ्या. जुन्या शिक्क्यावरची बारीक रेघोटी ही छाया नसून रंग आहे हे एकदा कळलं की भिंग हातातून सुटत नाही.

त्यापेक्षा जुन्या कामात मात्र ही पद्धत लावू नका. तिथली रेघ खरोखर नक्षीची असू शकते.

चौथी पायरी : ढालीवर काय आहे आणि ते काय करतंय

नुसतं ‘सिंह’ लिहून भागत नाही. किती, कोणत्या रंगाचे, कोणत्या पवित्र्यात आणि तोंड कुठे, हे सगळं टिपायचं. मागच्या पायांवर उभा राहून पुढचे पंजे उगारलेला लाल सिंह सोनेरी ढालीवर असेल तर तो स्कॉटलंडचा. लाल ढालीवर एकाखाली एक चालणारे, तोंड बघणाऱ्याकडे वळवलेले तीन सोनेरी सिंह इंग्लंडचे, ११९८मध्ये वापरात आलेल्या पहिल्या रिचर्डच्या दुसऱ्या मोठ्या मुद्रेपासूनचे. प्राणी एकच, पवित्रा बदलला की राज्य बदललं.

आता अर्थ. ‘लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा’ असे तक्ते पुष्कळ मिळतात. ते बाजूला ठेवा. असे अर्थ बहुतांशी नंतरच्या लेखकांनी चिकटवलेले आहेत. चिन्हाचं मूळ शोधायचं तर नाव, वंश आणि वारसा या वाटांनी जा.

नावाची वाट सोपी आहे. स्पेनमधल्या जुन्या कॅस्टील राज्याच्या ढालीवर किल्ला आहे आणि शेजारच्या लेओनच्या ढालीवर सिंह, कारण स्पॅनिशमधल्या ‘किल्ला’ आणि ‘सिंह’ या शब्दांसारखीच त्यांची नावं ऐकू येतात. वंशाची वाट मेवाडमध्ये दिसते. उदयपूरच्या चिन्हातला तेजस्वी चेहऱ्याचा सूर्य हा सूर्यवंशाचा दावा आहे, आणि दोन्ही बाजूंना उभे असलेले राजपूत आणि भिल्ल योद्धे राज्य कोणाच्या बळावर टिकलं हे सांगतात. भिल्लाला राजचिन्हात राजपुताच्या बरोबरीची जागा आहे, ही मला त्या चिन्हातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

वारशाच्या वाटेवर जरा रेंगाळायला हवं, कारण सत्ता इथे सगळ्यात स्पष्ट बोलते. गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी घ्या. विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या नाण्यांवर तो दिसतो, पंजांत हत्ती धरलेला. म्हैसूरचे वडियार विजयनगरचे मांडलिक होते. विजयनगर खचलं, वडियार स्वतंत्र झाले आणि पुढे गंडभेरुंड त्यांच्या घराण्याचं चिन्ह झाला. धन्याच्या नाण्यावरचा पक्षी मांडलिकाच्या ढालीवर येऊन बसतो तेव्हा त्याचा अर्थ ‘आता आम्हीच त्यांचे वारस’ असा असतो. आज तोच पक्षी कर्नाटक राज्याच्या चिन्हात आहे.

याच्या उलट, चिन्ह जिंकूनही आणता येतं. राजेंद्र चोळाच्या ताम्रपटांची मुद्रा नीट बघा. मध्ये चोळांचा बसलेला वाघ. त्याच्यासोबत दोन मासे, ते पांड्यांचे. धनुष्य, ते चेरांचं. वर छत्र आणि चवऱ्या, पण छत्र एकच. तीन घराण्यांची लांछनं एका छत्राखाली आणि त्यांत वाघ मुख्य. कडेने कोरलेल्या संस्कृत श्लोकाचा आशय असा की राजेंद्र चोळाची ही आज्ञा राजांच्या मुकुटांवरच्या रत्नांच्या ओळींवर झळकते. दक्षिणेच्या राजकारणाचा निकाल तळहातावर मावेल एवढ्या जागेत सांगितला आहे.

पाचवी पायरी : घरं मोजा, हक्काचे दावे शोधा

एका ढालीत अनेक चिन्हं असतील तर तो वारसाहक्काचा नकाशा आहे. १२३०मध्ये तिसऱ्या फर्नांडोकडे कॅस्टील आणि लेओन ही दोन्ही राज्यं आली. तेव्हा ढालीची चार घरं करून किल्ला आणि सिंह आलटून-पालटून मांडले गेले. विवाह, वारसा, राज्यांचं एकीकरण यातलं काही झालं की घरं वाढतात.

पण घर म्हणजे ताबा, असं धरून चालू नका. घर म्हणजे दावा. १३४० साली इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने आईच्या बाजूने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला आणि ढालीची चार घरं केली. पहिल्या आणि चौथ्या घरात फ्रान्सची सोनेरी लिलीची फुलं, दुसऱ्या आणि तिसऱ्यात स्वतःचे सिंह. मानाचं पहिलं घर त्याने फ्रान्सला दिलं, कारण इंग्लंडचा राजा तो होताच, सिद्ध करायचं होतं ते दुसरं. युद्धं झाली, प्रदेश गेले. १५५८मध्ये फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचं शेवटचं ठाणं, कॅले, तेही गेलं. फुलं ढालीवरून हटली ती १८०१मध्ये. म्हणजे साडेचारशे वर्षांहून जास्त काळ दावा जिवंत होता आणि त्यातली जवळजवळ अडीचशे वर्षं जमिनीचा आधार नसताना. म्हणून ढाल वाचताना शेजारी त्या वर्षाचा नकाशा उघडून ठेवा. ढाल आणि नकाशा जिथे जुळत नाहीत तिथे खरी गोष्ट सापडते.

ब्रिटिश राजचिन्हाची आजही दोन रूपं आहेत. एरवी पहिल्या आणि चौथ्या घरात इंग्लंडचे सिंह असतात. स्कॉटलंडमध्ये वापरायच्या रूपात ती घरं स्कॉटलंडच्या सिंहाला मिळतात आणि ढाल धरणारा एकशिंगी घोडाही मानाच्या बाजूला येतो. राजा तोच, पण कोणासमोर उभा आहे त्याप्रमाणे पहिलं घर बदलतं.

ढालीच्या वरच्या भागात तीन दात्यांची आडवी पट्टी दिसली तर ती बहुधा थोरल्या मुलाची खूण. शंकरपाळ्यासारख्या चौकोनावर चिन्ह असेल तर इंग्लंडच्या रिवाजात ते स्त्रीचं.

सहावी पायरी : ढालीबाहेरचा लवाजमा

ढालीच्या वर शिरस्त्राण, मुकुट किंवा तुरा, बाजूंना धारक म्हणून प्राणी किंवा माणसं, खाली पट्टीवर ब्रीदवाक्य, कधी भोवती किताबाचा पट्टा. ढाल कुळ सांगते, हा लवाजमा दर्जा सांगतो. मुकुटाचा आकार दर्जाप्रमाणे बदलतो, म्हणून तो बारकाईने बघा.

ब्रीदवाक्यात भाषा आणि आशय दोन्ही टिपा. बडोद्याच्या गायकवाडांचं ‘जीन घर जीन तख्त’ हे घोड्याच्या पाठीवर वाढलेल्या सत्तेचं वाक्य आहे, तिथे सिंहासनही खोगीरच. मेवाडचं ‘जो दृढ़ राखे धर्म को तिहि राखे करतार’ धर्मरक्षणावर हक्क उभा करतं. म्हैसूरचं ‘न बिभेति कदाचन’ उपनिषदातून येतं. एकाने घोडदळ पुढे केलं, दुसऱ्याने धर्म, तिसऱ्याने श्रुती. गादीचा आधार कुठे आहे हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे.

सातवी पायरी : चिन्ह दिलं कोणी?

हा प्रश्न सहसा विचारला जात नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. चिन्ह स्वतः धारण केलेलं, जिंकलेलं, की वरून मिळालेलं?

१३८५मध्ये इंग्लंडच्या सैन्यात स्क्रोप आणि ग्रोव्हनर या दोन सरदारांच्या ढाली एकसारख्या निघाल्या, निळ्यावर सोनेरी तिरपा पट्टा. खटला १३९०पर्यंत चालला, शेकडो साक्षी झाल्या, कवी चॉसरही साक्षीला उभा राहिला आणि ढाल स्क्रोपकडे राहिली. शेवटचा शब्द राजाचा होता, खरा धडा तो. १४८४मध्ये तिसऱ्या रिचर्डने चिन्हांचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्यांना सनद दिली आणि लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स उभं राहिलं. चिन्ह देण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्या दरबारात तुमची ओळख.

हेच १८७७च्या दिल्ली दरबारात आपल्याकडे झालं. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करताना व्हाइसरॉय लिटनने संस्थानिकांना रेशमी निशाणं दिली आणि त्यांवर रॉबर्ट टेलर या मुलकी अधिकाऱ्याने आखलेली युरोपी धाटणीची चिन्हं होती. सूर्य, नंदी, नाग, घोडे हे सगळं आपलं, पण बसवलेलं ढालीच्या चौकटीत. शतकानुशतकं जुनी घराणी आता सम्राज्ञीच्या हातून निशाण घेत होती. तुमचं चिन्ह आम्ही देतो, म्हणजे तुमचा दर्जाही आम्हीच ठरवतो, हा त्या समारंभाचा अर्थ. म्हणून संस्थानी राजचिन्ह वाचताना दोन थर वेगळे करा. आतलं लांछन जुनं असू शकतं, बाहेरची ढाल आणि धारकांची मांडणी बहुधा त्या काळातली.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला शिवछत्रपतींची मुद्रा आहे. अष्टकोनी, त्यात प्राणी नाही, ढाल नाही, फक्त श्लोक : ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता। शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते॥’ दख्खनेत फारसी मुद्रांची रीत असताना ही संस्कृतात आहे. कोणा बादशहाचं नाव तिच्यात नाही, आहे ते वडिलांचं. वर्तमान सत्तेची बढाई नाही, प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढ सांगितली आहे. आणि सत्ता कशासाठी, तर ‘भद्राय’, लोकांच्या कल्याणासाठी. पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ अशी दुसरी छोटी मुद्रा उमटायची. मजकूर इथे संपला, पुढे कोणी भर घालू नये, हा त्या मुद्रेचा रोकडा उपयोग.

आठवी पायरी : आधीचं आणि नंतरचं शेजारी ठेवा

सत्ता बदलली की चिन्ह बदलतं, आणि काय ठेवलं, काय काढलं यातून नवी सत्ता बोलते. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने १९ जून १७९० रोजी सरदारकीच्या किताबांबरोबर कुलचिन्हंही रद्द केली. रशियाचा दोन डोक्यांचा गरुड क्रांतीत गेला आणि १९९३मध्ये परत आला.

महाराष्ट्र शासनाची मुद्रा घ्या. श्लोक तोच ठेवला, फक्त ‘शाहसूनोः शिवस्यैषा’च्या जागी ‘महाराष्ट्रस्य राज्यस्य’ आलं. राजाच्या आणि त्याच्या वडिलांच्या नावाच्या जागी राज्य आलं, ‘भद्राय’ तसंच राहिलं. वंशाच्या सत्तेकडून लोकांच्या सत्तेकडे झालेला प्रवास दोन शब्दांच्या बदलात उतरला आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजाचं अनावरण झालं. त्यातून सेंट जॉर्जचा लाल क्रूस गेला आणि शिवमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. आत राष्ट्रचिन्ह, नांगर आणि ‘शं नो वरुणः’.

राष्ट्रचिन्हाकडेही असंच बघा. २६ जानेवारी १९५०पासून सारनाथच्या अशोकस्तंभाचा शिरोभाग आपलं चिन्ह आहे. समोरून तीन सिंह दिसतात, चौथा मागे. पट्टीवर मध्ये चक्र, बघणाऱ्याच्या उजवीकडे बैल, डावीकडे घोडा. मूळ शिल्पात खाली असलेलं उलटं कमळ चिन्हात घेतलं नाही, आणि खाली ‘सत्यमेव जयते’ आलं, जे स्तंभावर नाही, मुंडकोपनिषदात आहे. काय वगळलं आणि काय जोडलं, दोन्ही नोंदवायचं.

वापरण्यापूर्वी

आडनावावरून ‘तुमच्या घराण्याचं चिन्ह’ विकणाऱ्यांपासून दूर राहा. इंग्लंडच्या पद्धतीत चिन्ह आडनावाचं नसतं, विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वारसांना दिलेलं असतं. स्कॉटलंडमध्ये ते बेकायदा धारण करणं हा गुन्हा आहे. भारतात राष्ट्रचिन्हाच्या गैरवापराला २००५चा कायदा लागू होतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेचं चिन्ह आखताना तीन सिंह ‘फक्त सजावटीला’ घेऊ नका.

नववी पायरी : नोंद लिहा

चित्र न बघता दुसऱ्याला ते काढता आलं पाहिजे, ही नोंदीची कसोटी. आधी ढालीचा रंग, मग मुख्य आकृती, तिची संख्या, पवित्रा, रंग, मग कड, वर, बाजू, खाली. अर्थ सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या ओळीत, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं आणि डोक्याने लावलेलं एकमेकांत मिसळत नाही. नमुना म्हणून कर्नाटकाचं चिन्ह :

ढाल : लाल, निळ्या कडेची. तिच्यावर पांढरा गंडभेरुंड.
वर : सारनाथचे सिंह.
बाजूंना : सिंहाच्या अंगाचे आणि हत्तीच्या तोंडाचे दोन पिवळे गजकेसरी, ढाल धरून उभे.
खाली : ‘सत्यमेव जयते’.
आधीचं रूप : म्हैसूरच्या वडियारांचं राजचिन्ह, ब्रीद ‘न बिभेति कदाचन’.
दावा : पक्षी विजयनगर आणि म्हैसूरच्या वारशाचा, ढालीच्या वरची मानाची जागा प्रजासत्ताकाची.